हलकी गाडी

मृग लागायच्या आधी गाड्या येतात. वाशिम जिल्ह्यात जुन्या मोटारसायकलींचा धंदा करणाऱ्याला वेगळं पंचांग लागत नाही. मे सरत आला की मालेगावकडचा, मंगरुळपीरकडचा शेतकरी गाडी पुसूनपासून आणतो, स्टँडवर लावतो आणि आधी पावसाचं बोलतो. बियाण्याची बॅग, डीएपी, ट्रॅक्टरचं भाडं, एवढं सगळं त्या गाडीतून उभं करायचं असतं. भाव तो सांगत नाही, 'तुमीच लावा' म्हणतो. अडलेल्या माणसाची गाडी पाडून मागणं अशा वेळी फार सोपं असतं, आणि तो मोह ज्याला आवरत नाही त्यानं हा धंदा करू नये असं माझं मत आहे. दिवाळीच्या आगेमागे सोयाबीन बाजार समितीत गेलं की वारं फिरतं. मग गाड्या घ्यायला माणसं येतात. मधले महिने सगळं भांडवल पत्र्याच्या शेडखाली धूळ खात उभं असतं.

वाशिमच्या पुसद नाक्याच्या पुढे भाड्याची जागा घेतली, पाटीवर रिवाजाप्रमाणे 'ऑटो कन्सल्टंट' लिहिलं, तेव्हाच एक ठरवलं होतं. शंभर-एकशेदहा सीसीच्या वरची गाडी ठेवायची नाही, आणि गिऱ्हाईक बघायचं ते पहिल्यांदा हँडल धरणारं. पाहुण्यारावळ्यांनी समजावलं की पोरं पल्सर मागतात, पैसा तिकडेच आहे. ते खरंच आहे. पण शिकणाऱ्याच्या हातून क्लच एकदम सुटतोच, कुणाच्याही सुटतो. स्प्लेंडरसारख्या गाडीचं वजन 112 किलोच्या आसपास आणि ताकद जेमतेम आठ अश्वशक्ती. क्लच सुटला की ती एक आचका देते आणि बंद पडते. दीडशे सीसीची गाडी जवळजवळ दीडशे किलोची, ताकद पावणेदोन पट. त्याच चुकीला ती पुढे झेप घेते, आणि समोर गिट्टी पसरलेली असली तर पोरगं गाडीखाली. हलकी गाडी चूक पोटात घालते. 2022 साली देशात रस्त्यावर 1 लाख 68 हजार 491 माणसं मेली, त्यातली 44.5 टक्के दुचाकीवरची होती. हा आकडा वाचल्यापासून प्रत्येक गाडीबरोबर आयएसआय शिक्क्याचं हेल्मेट मी किमतीत धरूनच देतो. ते नको, त्याचे पैसे कमी करा, असं म्हणणाऱ्याला गाडीच देत नाही.

आमच्या घरी पहिली आली ती लूना. पुण्याच्या कायनेटिकनं 1972 साली ती पन्नास सीसीची गाडी बाजारात आणली आणि सायकलीवरच्या माणसाला इंजिनाची ओळख करून दिली. चढ आला की वडील पायडल मारून तिला हात द्यायचे, आणि त्यात त्यांना काही कमीपणा वाटत नसे. मग गवळ्यांच्या कॅना वाहणारी बजाजची एम-एटी आली. पण खेड्याचं रूप खरं बदललं ते 1985 च्या हीरो होंडा सीडी 100 नं. इंजिन फोर-स्ट्रोक. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायची कटकट गेली, धूर गेला, आणि एका लिटरमध्ये माणूस तालुक्याला जाऊन परत येऊ लागला. 1994 ला स्प्लेंडर आली आणि आजतागायत आहे. त्याच घराण्यातलं इंजिन इतकी वर्षं चालत राहिल्यामुळे रिसोडच्या मेकॅनिकला जे कळतं तेच मानोऱ्याच्या मेकॅनिकलाही कळतं, आणि सुटा भाग कुठल्याही बाजारात मिळतो. नवख्याला ॲव्हरेजइतकाच याचाही आधार असतो.

गाडी घेताना मी आधी सायलेन्सरला हात लावतो. गरम लागला तर समजायचं, मालकानं दाखवण्याआधी इंजिन तापवून आणलंय. थंड इंजिनाची पहिली किक काय बोलते ते त्याला लपवायचंय. मग गाडी सावलीत थांबवून ठेवायची, चहा मागवायचा आणि इंजिन निवू द्यायचं. मीटरवर भरवसा ठेवू नये. जुन्या गाडीची मीटरची केबल काढून ठेवली की आकडा जागचा हलत नाही. फूटरेस्टचं रबर आणि ब्रेकच्या पायडलची झीज मात्र खोटं बोलत नाही. निळसर धूर मारत असेल तर रिंगा गेल्या, पुढे बोअर-पिस्टनचं काम निघणार. ओल्या मातीवरून सरळ चालवून बघावी; मागचं चाक पुढच्याची रेघ सोडून चालत असेल तर चेसिस कधीतरी मार खाल्लेली आहे, आणि अशी गाडी मी कितीही स्वस्तात घेत नाही. जमलं तर एप्रिल 2019 नंतरची बघतो. तेव्हापासून 125 सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना जोडब्रेक सक्तीचे झाले. मागचा दाबला की पुढचाही थोडा लागतो. नवखा माणूस घाबरला की पायच दाबतो, म्हणून हे फार मोलाचं.

पण या धंद्यातलं सगळ्यात मोठं दुखणं कागदांचं आहे. आमच्याकडे गाडी विकली म्हणजे मालकी बदलायच्या टीटी फॉर्मवर सह्या केल्या, बुक दिलं, विषय संपला. ती गाडी पुढे चार हात फिरते, आरटीओत मात्र पहिल्याच माणसाच्या नावावर राहते. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात 2018 साली सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट सांगितलं की दप्तरी ज्याचं नाव मालक म्हणून आहे, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याचीच. तिथेही गाडी अशीच हातोहात विकली गेलेली होती. पेरणीसाठी गाडी विकलेल्या माणसाच्या दारात काही वर्षांनी भरपाईची नोटीस यावी, याहून वाईट काय? एप्रिल 2023 पासून नियम आला. जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यानं आरटीओकडून पाच वर्षांचं अधिकारपत्र घ्यायचं, आणि गाडी ताब्यात आल्याचं कळवलं की ती विकेपर्यंत मालक तोच समजायचा. धंद्यातल्या अनेकांना ही कटकट वाटते. मला हा नियम न्यायाचा वाटतो. ज्याच्या शेडमध्ये गाडी, त्याच्या गळ्यात तिची जबाबदारी.

भाव नेहमी आपल्या हातात नसतो. 22 सप्टेंबर 2025 पासून साडेतीनशे सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, आणि नवीन उतरली की जुनी उतरतेच. आधी घेऊन ठेवलेल्या गाड्यांत नफा असा उरला नाही. घेणाऱ्याचं भलं झालं, ते बरंच झालं.

दहावी झालेल्या मुलासाठी गाडी बघायला बाप येतात. त्यांना मी बसवतो, पाणी देतो आणि नाही म्हणतो. सोळा पूर्ण झाल्यावर कायद्यानं पन्नास सीसीपर्यंतचीच मुभा आहे, त्यापुढे अठरा पूर्ण हवीत. मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलानं त्या कायद्याखाली गुन्हा केला तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार रुपये दंड आहे. काही जण रागावून दुसऱ्या दुकानात जातात. जाऊ देतो.

यंदा कार्तिकात मानोरा तालुक्यातल्या एका तांड्यावरून तिथली आरोग्याचं काम करणारी आशाताई आली. सोबत नवरा. मला वाटलं स्कूटी मागेल. ती म्हणाली, "स्कूटी नोको भाऊ. आमच्या रस्त्यानं ते बारकं चाक कुठं टिकते? मोठ्या चाकाची, पन हलकी दाखवा." अगदी बरोबर बोलली. स्प्लेंडरचं चाक अठरा इंची, खड्ड्यातून सहज निघतं. आमच्या जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग गेला, कारंजा-मालेगावची नावं त्याच्या पाट्यांवर आली, पण दुचाकीला त्यावर मनाई आहे. लस पोचवायची, बाळंतिणीला बघायचं, ते सगळं जुन्याच रस्त्यांनी. लर्निंग लायसन्स तिनं आधीच काढलं होतं. आठवडी बाजाराच्या मोकळ्या मैदानात नवऱ्यानं मागे बसून सकाळी सकाळी शिकवलं. पहिल्या गिअरमध्ये किती वेळा तरी गाडी बंद पडली, ती पुन्हा किक मारत राहिली.

कागद करताना मी नवऱ्याचं आधार कार्ड मागणार, तेवढ्यात तिनं स्वतःचं पुढे केलं. "मायाच नावानं करा." फॉर्म 30 वर तिनं ठसठशीत सही केली. त्याच तांड्यावरच्या आणखी दोघी आता विचारून गेल्यात. शेडमध्ये त्यांच्या जोगती एकच गाडी आहे, तिचं मागचं टायर गेलेलं. ते बदलायचं, चेन-स्प्रॉकेट नवं टाकायचं, आणि दुसरी शोधायला कारंज्याकडे एक चक्कर मारायची आहे.