दोन ओअरचे दान

डेन्मार्कमध्ये ३० डिसेंबर २०२५ रोजी पोस्टनॉर्ड या सरकारी टपाल कंपनीने आपली शेवटची पत्रे वाटली आणि सरकारी पत्रवाटपाची ४०० वर्षांची परंपरा संपवली. बातमी वाचून हळहळ वाटली ती पत्रांपेक्षा नाताळच्या तिकिटासाठी. १९०३ च्या नाताळात शुभेच्छापत्रांच्या ढिगात काम करताना आयनार होल्बॉल या टपाल कर्मचाऱ्याला सुचले, की प्रत्येक पाकिटावर नेहमीच्या तिकिटाशेजारी दोन ओअरचे आणखी एक तिकीट लावले, तर क्षयाने आजारी मुलांसाठी केवढा पैसा उभा राहील! ओअर म्हणजे क्रोन या डॅनिश चलनाचा शंभरावा भाग. राजा नववा क्रिश्चन याने मान्यता दिली आणि १९०४ मध्ये दिवंगत राणी लुईझचे चित्र असलेले तिकीट निघाले. देशाची वस्ती जेमतेम २५ लाखांची, तिकिटे खपली ४० लाखांवर. त्या पैशातून कोल्डिंगला मुलांसाठी आरोग्यधाम उभे राहिले.

त्या तिकिटावर राणी होती, खोकणारे मूल नव्हते, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. घेणाऱ्या मुलाचा चेहरा नाही, देणाऱ्याचे नाव नाही. आपल्याकडे दिवाळीत आश्रमशाळेत फराळ वाटताना मुलांना रांगेत उभे करून फोटो काढतात, मागे दात्याच्या नावाचा फलक असतो. याचा मला मनापासून राग आहे. फोटोशिवाय लोक देत नाहीत, असे यावर सांगितले जाते. ४० लाख तिकिटे हे त्याचे उत्तर आहे. मुलांचे आरोग्य ही सरकारची जबाबदारी, दानाची नव्हे, हा आक्षेप मात्र खरा आहे. पण सरकार जागे होईपर्यंत मूल थांबू शकत नाही. डेन्मार्कमध्ये क्षय ओसरल्यावरही अशा मदतीची गरज संपली नाही. नाताळच्या तिकिटाच्या निधीवर चालणाऱ्या घरांत आज छळाने, एकटेपणाने खचलेली डॅनिश मुले काही आठवडे राहून सावरतात.

पत्रे फारच थोडी उरली, आता तिकीट कशावर लावायचे? मला वाटते, होल्बॉलने पाकीट निवडले ते सणात प्रत्येकाच्या हाती असायचे म्हणून. आज ती जागा मोबाइलवरून पैसे देण्याने घेतली आहे. तिथेही रक्कम लहान ठेवता येते, नाव झाकता येते. भारतात २ ऑक्टोबरला सुरू होणाऱ्या क्षयरोग तिकिटाच्या मोहिमेलाही हेच लागू आहे. सण बदलला, साधन बदलले तरी चालेल. मदत घेताना मुलाची मान खाली जाऊ नये, एवढे मात्र सांभाळलेच पाहिजे.