वरकड कामाचा दर

आमचे वडील, म्हणजे अण्णा, वाईच्या मामलेदार कचेरीत अव्वल कारकून होते. आणि कचेरीतील दप्तर ज्या शिस्तीने लाल रुमालात बांधले जाते त्याच शिस्तीने संसारही बांधला गेला पाहिजे, अशी त्यांची दृढ श्रद्धा असल्यामुळे, १९५६ च्या उन्हाळ्यात मी त्यांच्यापाशी खाऊसाठी चार पैसे मागितले तेव्हा त्यांनी नकारही दिला नाही आणि पैसेही दिले नाहीत. त्यांनी एक कोरी वही काढली, तिच्या पुठ्ठ्यावर बोरूने 'वरकड कामे' असे लिहिले आणि पहिल्या पानावर कायदा लिहून काढला.

आपले अंथरूण गुंडाळणे, जेवल्यावर पान उचलणे, दिवेलागणीला परवचा म्हणणे ही फर्जाची कामे. त्यांस मुशाहिरा नाही. ज्या कामासाठी एरवी बाहेरच्या माणसास पैसे मोजावे लागले असते, किंवा घरातील मोठ्या माणसाचा वेळ खर्ची पडला असता, तेवढेच काम वरकड. कंदिलाच्या काचेला एक पैसा, पायलीभर गव्हाला एरंडेल चोळण्यास दोन पैसे, अंगणातल्या पापडांची कावळ्यांपासून दुपारभर राखण करण्यास एक आणा, असा दर ठरला. काम नोंदवायचे, अण्णांनी ते तपासायचे आणि शेरा मारल्यावरच रक्कम अदा व्हायची. 'काच धूसर, फेरतपासणी' असा शेरा माझ्या वाट्याला अनेकदा आला.

आळीत या व्यवस्थेचा बभ्रा झाला. शेजारी एक सेवानिवृत्त मास्तर राहत. 'श्यामची आई' चित्रपटाला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले त्याला तेव्हा फार काळ लोटला नव्हता, आणि तो पाहून डोळे पुसत बाहेर पडलेल्या असंख्य सज्जनांपैकी ते एक होते. घरच्या कामाला मजुरी देणे म्हणजे पोटच्या पोराला गडी करणे होय, असे त्यांनी ओसरीवर बसून अण्णांना सुनावले. अण्णांनी शांतपणे कर्मवीर भाऊराव पाटलांचे उदाहरण दिले. १९१९ साली काल्याला रयत शिक्षण संस्था काढणाऱ्या या पुरुषाने 'कमवा आणि शिका' हे तत्त्व आमच्याच जिल्ह्यात रुजविले होते, आणि साताऱ्याच्या शिवाजी कॉलेजातील मुले शेतात कुदळ चालवून आपले शिक्षण पुरे करीत होती. मास्तर निरुत्तर झाले. वास्तविक त्यांनी होऊ नये होते. ती मुले पोटासाठी आणि विद्येसाठी राबत होती, मी लिमलेटच्या गोळ्यांसाठी. या दोन श्रमांना एकाच पंक्तीला बसविणे हा अण्णांचा वकिली कावा होता.

तथापि काचा पुसण्याचे काम खरोखरच मुलाचे होते. कंदिलाच्या काचेचे तोंड इतके अरुंद, की मोठ्या माणसाचा पंजा आत जात नाही. काडीला चिंधी बांधून पुसावे तर गळ्यापाशी काजळीचे कडे तसेच राहते. माझा हात मनगटापर्यंत आत जाई. प्रथम वस्त्रगाळ राख कोरड्या फडक्याने फिरवायची, मग काचेत तोंडाने वाफ सोडून केसरीच्या जुन्या अंकाचा बोळा आत घोळवायचा, आणि शेवटी काच उजेडाकडे धरून पाहायची. पाण्याने धुण्याचा मोह टाळावा लागे, कारण ओलसर राहिलेली काच पेटत्या कंदिलावर चढविली की तडकते. वात सरळ कातरणेही याच कामात मोडे. तिचा एक कोपरा जरी उंच राहिला तरी ज्योतीला शिंग फुटे आणि घटकाभरात सारी मेहनत काळी होई. आमच्या घरात वीज यायची होती, आणि कंदील चार होते.

१ एप्रिल १९५७ रोजी सरकारने दशमान नाणी चालू केली आणि माझ्या उत्पन्नाच्या इतिहासात सुवर्णयुग उगवले. रुपयाचे चौसष्ट पैसे होते, त्यांचे शंभर नवे पैसे झाले. रूपांतराच्या कोष्टकात जुन्या एका पैशाला दोन नवे पैसे दिले होते आणि एका आण्याला सहा. म्हणजे चार काचांचा मेहनताना एकत्र घेतला तर सहा नवे पैसे, पण काचेकाचेचा स्वतंत्र हिशेब केला तर आठ! हे रहस्य उमगताच मी प्रत्येक काच पुसून झाल्याबरोबर अण्णांपुढे हात पसरू लागलो. त्यांनी दोन दिवस पैसे दिले, तिसऱ्या दिवशी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि वहीत हुकूम लिहिला : 'प्रथम बेरीज, तदनंतर रूपांतर.' पण तो लिहिताना ते मिशीत हसत होते, हे मी पाहिले.

खरा पेच पुढेच होता. श्रावण लागला आणि घरात वाती व वाल यांचा सुकाळ झाला. माझ्याहून तीन वर्षांनी मोठी असलेली ताई कापूस पिंजून फुलवाती वळी. मोड आलेले वाल कोमट पाण्यात घालून, चिमटीत दाबून त्यांचे बिरडे सोली, आणि ते करता करता तिची बोटे सुरकुतून पांढरी पडत. वहीत तिचे पान नव्हते. मुलीने करायचे ते घरचे काम आणि मुलाने केले तर ते वरकड, हा नियम कायद्यात कोठेही लिहिलेला नसताना साऱ्यांनी मुकाट्याने पाळला होता. ताईने रुसवाफुगवा केला नाही. तिने फुलस्केप कागदावर रीतसर अर्ज लिहिला, त्यात पहिल्या पानावरील 'घरातील मोठ्या माणसाचा वेळ' हे शब्द अधोरेखित केले आणि पृच्छा केली, की आई ही मोठ्या माणसांत गणली जाते किंवा कसे.

अण्णांनी तो कागद दोनदा वाचला. कचेरीत तलाठ्यांना घाम फोडणारा तो माणूस त्या रात्री जेवताना एक अक्षर बोलला नाही. दुसऱ्या दिवशी वहीत नवे पान पडले : 'अर्ज मंजूर. अंमल आजपासून. मागील बाकी मागता येणार नाही.' शेवटचे वाक्य मला आजही अन्यायाचे वाटते. ते लिहिण्यात न्यायबुद्धीपेक्षा तिजोरीची काळजी अधिक होती. आईचे नाव मात्र त्या वहीत कधीच चढले नाही, आणि त्यासाठी अर्ज करण्याइतकी फुरसतही तिला नव्हती.

ताईची कमाई माझ्या दुप्पट होऊ लागली आणि ती खर्च मात्र काहीच करीना. गणपतीच्या दिवसांत पेठेतल्या दुकानात लाखेच्या रंगाचा एक भोवरा आला, तेव्हा माझी शिल्लक गोळ्यांत विरघळलेली होती. ताईने कर्ज दिले, पण आठवड्यास एक नवा पैसा व्याज लावून, वहीच्या मागच्या पानावर माझी सही घेऊन, आणि अण्णांची साक्ष घालून. दिवाळीत मी ते फेडले. भोवऱ्याची आर तोवर मोडून गेली होती. ताईने व्याजात सूट दिली नाही.