भावाआधी अक्षर पाहावे

बडोद्यात राहून शेअरबाजाराचा वारा लागू न देणे हे एक व्रतच. आमच्या मराठी घरांनी ते बरीच वर्षे निष्ठेने पाळले. पोस्टातील ठेव, विम्याचा हप्ता, फार तर सहकारी बँकेतील मुदतठेव, येथे आमच्या साहसाची सीमा संपे. आता नातवंडांच्या फोनवरच बाजार भरतो. त्याबद्दल आम्ही नाक मुरडत नाही; परंतु दोन-तीन रुपयांचा शेअर केवळ स्वस्त म्हणून उचलण्याचा मोह घरोघर दिसतो, त्याविषयी चार शब्द लिहिणे भाग आहे.

शेअरबाजाराने एखाद्या कंपनीचे नाव आपल्या सूचीतून वगळले म्हणजे शेअर नाहीसा होत नाही. तो आपल्या खात्यात राहतो. नाहीसा होतो तो गिऱ्हाईक. खुद्द बडोदा शेअरबाजाराचे दार २०१५ साली बंद झाले, तेव्हा केवळ लहान बाजारांत नोंदलेल्या कंपन्यांच्या भागधारकांना हा अनुभव जवळून आला.

प्रवर्तक आपण होऊन कंपनी सूचीबाहेर नेतात, तेव्हा निरोपाला निदान विडासुपारी असते: त्यांच्या हाती नव्वद टक्के भांडवल यावे लागते, आणि मागे राहिलेल्यांकडून वर्षभर त्याच भावाने शेअर घ्यावे लागतात. नियम मोडल्यामुळे सक्तीने नाव कापले गेले, तर गोष्ट निराळी. कायदा तेथेही प्रवर्तकाने वाजवी मोल द्यावे असे सांगतो. पण ज्याचा ठावठिकाणाच लागत नाही त्याच्याकडून ते वसूल कोणी करावे? दिवाळखोरीची वाट याहून कठोर आहे. दिवाण हाउसिंग फायनान्सच्या योजनेला जून २०२१ मध्ये न्यायाधिकरणाची मंजुरी मिळाली. भागधारकांच्या पदरी शून्य आले. ते शून्य योजनेत स्पष्ट लिहिलेले असताना, मंजुरीनंतरही काही दिवस लोक तो शेअर विकत घेतच होते! आम्हांला याचेच नवल वाटते. बातमी गुप्त नव्हती, ती वाचली गेली नव्हती.

म्हणून भावाच्या आकड्याआधी शेअरचा गट पाहावा. मुंबई शेअरबाजारात ‘झेड’ आणि राष्ट्रीय शेअरबाजारात ‘बीझेड’ हे अक्षर दिसले, तर ती कंपनी नोंदणीचे नियम पाळत नाही असे समजावे. ‘जीएसएम’ ही टीप असल्यास शेअर विशेष देखरेखीखाली आहे. मग तिमाही हिशेब वेळेवर आले की नाहीत, लेखापरीक्षक मध्येच सोडून गेले काय, प्रवर्तकांचे शेअर गहाण किती, हे त्याच संकेतस्थळावर कंपनीच्या नावाखाली फुकट वाचता येते. दलाल किंवा शेजारी काय म्हणतो, ते नंतर.

वडीलधाऱ्यांच्या खात्यात एखादे नाव सूचीबाहेर गेलेले आढळल्यास प्रथम त्याची सूचना शोधावी. कंपनी स्वेच्छेने गेली असेल आणि वर्ष उलटले नसेल, तर अर्ज त्याच आठवड्यात पाठवावा.