मौनाचा तास

"पाचगणीला येतोस? दोन दिवस, जेवण फुकट!" रूम पार्टनर म्हणाला. त्याच्या चर्चच्या तरुणांचं शिबिर होतं. मी ख्रिस्ती नाही. पण मित्रांनो, मेसच्या भाजीला वैतागलेला माणूस धर्म बघत नाही!

पोचल्या पोचल्या मोबाईल जमा. सकाळी सहाला घंटा, मग प्रार्थना, गटचर्चा. गाणी ऐकून मात्र चाट पडलो. पेटीवर चक्क अभंग! ना. वा. टिळकांचे, असं कळलं. रात्री एका काकूंनी पंडिता रमाबाईंची गोष्ट सांगितली. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल सोप्या मराठीत आणायचं काम बाईंनी केडगावला शेवटपर्यंत केलं. १९२२ साली त्या गेल्या. मी गप्प. माझं एम-थ्रीचं पुस्तक अजून कोरं करकरीत!

रविवारी 'मौनाचा तास'. टेबल लँडच्या कडेला एकेकट्याने बसायचं. खाली धोमचं पाणी. पहिली दहा मिनिटं डुलक्या काढल्या. मग एकदम आठवलं... एम-थ्री दुसऱ्यांदा राहिला, हे अण्णांना सांगितलेलंच नाही. ते दर महिन्याला मेसचे पैसे पाठवतात आणि विचारतात, "अभ्यास बरा चाललाय ना?"

परतताना वाईच्या स्टँडवरून फोन लावला. सगळं सांगून टाकलं. अण्णा थोडा वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "जेवलास का?"

देवाबद्दल माझं अजून काही ठरलेलं नाही. पण परीक्षेचा फॉर्म भरलाय. या वेळी अण्णांना सांगून.