गळ, दोरा आणि भरतीची वेळ

दवाखान्यात एक तक्रार मला वारंवार ऐकू येते : ‘बाबांचे रिपोर्ट चांगले आहेत, पण दिवसभर ते भिंतीकडे पाहत बसतात.’ अशा वेळी मी विचारतो, ‘लहानपणी गरवायला जात होते का?’ शिरोड्यात उत्तर बहुधा होकारार्थीच येते.

माझी आई गेल्यावर वडिलांनीही असेच मौन धरले होते. एका सकाळी त्यांना मिठागरांजवळच्या खाडीवर नेले. मासा एकही लागला नाही. पण रात्री जेवताना त्यांनी आपणहून विचारले, ‘उद्या भरती किती वाजता?’ उद्याविषयीचा तो त्यांचा कित्येक आठवड्यांतला पहिला प्रश्न होता.

या छंदाला महागडी काठी लागत नाही. नायलॉनचा दोरा, चार लहान गळ, शिशाचे वजन आणि दोरा गुंडाळायला लाकडाचा तुकडा पुरतो. आमिषाला बाजारातली कोळंबी चालते. पाणी चढू लागले की बसावे. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. तो हिशेब ठेवणे हाही मेंदूला व्यायामच. नवशिक्याने अष्टमीच्या आसपासचे भांगाचे दिवस निवडावेत, तेव्हा ओढ कमी असते. अमावस्या-पौर्णिमेचे उधाण आणि पावसाळा टाळावा.

आता सांभाळणाऱ्यांसाठी. निसरड्या खडकावर नव्हे, सपाट बांधावर खुर्ची मांडा. मधुमेह असल्यास अनवाणी जाऊ देऊ नका. सोबत पाणी आणि खाऊ ठेवा. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्यांनी उठताना घाई करू नये. गळ बोटात रुतल्यास ओढू नका; दोरा कापून डॉक्टरांकडे या. रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास हे विशेष लक्षात ठेवा. शेंगाळ्याचा काटा विषारी असतो. तो टोचल्यास तो भाग सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा तास तरी बुडवावा. मात्र पाणी आधी तुम्ही स्वतःच्या हाताने तपासा, कारण मधुमेहींना चटका कळत नाही. नंतर धनुर्वाताच्या इंजेक्शनासाठी दवाखाना गाठावा.

‘पडतील’ या भीतीने त्यांना घरी बसवू नका, आणि एकटेही धाडू नका. आठवड्यातून दोन सकाळी शेजारी बसा. लागलेला मासा त्यांनाच साफ करू द्या. वेळ लागला तरी चालेल.