कण्हाचा शिष्य बलक

नव्या वहीच्या पहिल्या पानावर तुम्ही काय लिहिता? नाव, इयत्ता, शाळा. गुरुजींचं किंवा बाईंचं नाव लिहिता का? नाही ना? पण सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी एकाने ते लिहिलं, तेही दगडावर! ते पाहायला चला माझ्याबरोबर कोंडाण्याला.

रायगड जिल्ह्यात कर्जत स्टेशनवर उतरायचं. गाडीने कोंदिवड्याच्या बाजूला जायचं आणि पुढे रानातली वाट पायी चढायची. राजमाची किल्ल्याच्या पायथ्याशी कोंडाण्याची बौद्ध लेणी आहेत. पावसाळ्यात लेण्यांसमोर धबधबा कोसळतो, पण तेव्हा वाट फार निसरडी होते. म्हणून आम्ही शाळेची सहल हिवाळ्यात नेली.

चैत्यगृहात शिरण्याआधी मान वर करा. पिंपळपानाच्या आकाराची भली मोठी कमान दिसेल. आत स्तूप, शेजारी भिक्षूंना राहायचा विहार. हे काही बांधलेलं नाही, बरं का! काळ्या कातळातून नको तेवढा दगड काढून टाकला आणि उरलं ते लेणं. भिंत बांधताना वीट चुकली तर काढून पुन्हा लावता येते. इथे छिन्नीचा घाव चुकला, की चुकलाच.

दर्शनी भागात डाव्या बाजूला एक मोठी मूर्ती होती. आता तिचं डोकंच काय ते उरलं आहे. त्याच्याजवळ ब्राह्मी लिपीत एक ओळ कोरली आहे. तिचा अर्थ असा : कण्हाचा शिष्य बलक याने हे केले. बस्, एवढंच! कण्ह म्हणजे कृष्ण.

मी मुलांना हे सांगत होते, तेवढ्यात मागून खर्र खर्र आवाज आला. चौथीतला एक मुलगा टोकदार दगडाने भिंतीवर आपलं नाव कोरायला लागला होता! पहिलं अक्षर झालंसुद्धा. मी रागावले. तो म्हणाला, "बाई, बलकाने लिहिलेलं चालतं, मग मी का नको?"

खरं सांगते, क्षणभर मला उत्तर सुचेना. मग म्हटलं, "बलकाने आधी काहीतरी घडवलं, मग नाव लिहिलं. तूही आधी घडव." त्याचं ते अक्षर मात्र आता पुसता येणार नाही. ते आठवलं की मला अजून वाईट वाटतं.

दुसऱ्या दिवशी वर्गात आम्ही प्लॅस्टरचे ठोकळे केले. तुम्हीही करा, पण मोठं माणूस जवळ हवं. आधी नाकावर रुमाल बांधा. जुन्या प्लॅस्टिकच्या भांड्यात एक वाटी पाणी घ्या. त्यात दोन वाट्या प्लॅस्टर ऑफ पॅरिस हळूहळू भुरभुरवा. पाण्यात पूड घालायची, पुडीत पाणी नाही. काठीने हलकेच ढवळून लगेच आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात ओता. थोड्या वेळाने डबा कोमट लागेल. जिप्समचा दगड भाजून, त्यातलं बरंचसं पाणी उडवून ही पूड करतात. पाणी परत मिळालं, की तिचा पुन्हा दगड होतो आणि उष्णता बाहेर पडते. म्हणूनच ओल्या प्लॅस्टरमध्ये हात बुडवून ठेवायचा नाही, भाजतो. उरलेलं मोरीतही ओतायचं नाही, पाइप तुंबेल.

अर्ध्या-पाऊण तासाने ठोकळा बाहेर काढा आणि ओलसर असतानाच खिळ्याने, जुन्या चमच्याने कोरा. नियम एकच : फक्त काढायचं, चिकटवायचं नाही. लेण्यासारखं!

आमचा तो पठ्ठ्या हत्ती कोरत होता. होता होता सोंड तुटली. "बाई, दुसरा ठोकळा द्या ना!" मी म्हटलं, "बलकाला दुसरा डोंगर कुणी दिला असता?" तो रुसून बसला. मग उठला. त्याने हत्तीचे कान काढले, पाठ गोल केली, आणि मधल्या सुट्टीपर्यंत एक गलेलठ्ठ बेडूक तयार झाला! हात दुखायला लागले, तेव्हा स्वतःच म्हणाला, "बाई, हे तर मऊ आहे. त्या कातळाला किती दिवस लागले असतील हो?"

मग त्याने बेडूक उलटा केला आणि विचारलं, "आता लिहू का नाव?"

"लिही की!"

खिळ्याने त्याने बराच वेळ काहीतरी कोरलं. मला वाटलं, नाव, इयत्ता, तुकडी. पाहते तर पहिल्या ओळीत माझं नाव, खाली 'यांचा शिष्य', आणि मग त्याचं.

तो बेडूक वर्गातल्या कपाटावर बसला आहे. सोंडेचा तुकडाही मी जपून ठेवला आहे.

तुम्ही कोंडाण्याला गेलात, तर भिंतींना खडू, कोळसा, दगड काही लावू नका. आधी घरी ठोकळा कोरा, मग तिथे जाऊन बलकाची ओळ शोधा. तुमच्या ठोकळ्याखाली कुणाचे शिष्य म्हणून सही कराल, तेही ठरवून ठेवा!