कणसातली तुटलेली ओळ

मक्याचं कणीस सोलून नीट पाहा. दाण्यांच्या ओळी बुडापासून शेंड्याकडे सरळ निघतात. एखादी मात्र अध्येमध्येच संपते आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या ओळी सरकून एकमेकींना भिडतात. धातूच्या स्फटिकात अणूंची रांग अशीच अर्ध्यात संपते. आम्ही त्याला डिसलोकेशन म्हणतो. पुस्तकात ते ‘दोष’ या प्रकरणात येतं, आणि माझी तक्रार त्या शीर्षकाशीच आहे.

माझा मिश्रधातू साधा आहे: लँथनमच्या एका अणूमागे निकेलचे पाच. १९६०च्या दशकाच्या अखेरीस हॉलंडमधल्या आइंडहोवनला, फिलिप्सच्या प्रयोगशाळेत, समेरियम-कोबाल्टच्या चुंबकांचे गुण हायड्रोजनमुळे बदलतात असं लक्षात आलं. तो माग त्याच घराण्यातल्या लँथनम-निकेलपर्यंत पोचला. हा पठ्ठ्या खोलीच्या तापमानाला, थोड्याशा दाबाखाली हायड्रोजन पितो आणि दाब उतरवला की ओकतो. त्याच्या पोटात हायड्रोजन द्रवरूपापेक्षाही दाटीने बसतो. अडचण वजनाची. एक किलो हायड्रोजन ठेवायला साधारण सत्तर किलो मिश्रधातू लागतो, म्हणून मोटारीची टाकी काही त्याची झाली नाही. पण कॅमेऱ्यात घालायचे रिचार्जेबल सेल आठवतात? त्यातल्या अनेकांचं एक टोक याच घराण्यातलं.

पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी मी त्याचे सुपारीच्या खांडांएवढे चकचकीत तुकडे पोलादी नळीत भरले. नळी निर्वात केली, हायड्रोजन सोडला. बराच वेळ काही नाही. मी झडपा तपासल्या, परत तपासल्या. मग दाबमापकाचा काटा एकाएकी उतरायला लागला आणि नळी हाताला गरम लागली. पिताना तो उष्णता टाकतो. पुढे नळी उघडली तेव्हा तुकडे नव्हतेच. आत काळी, रांगोळीहून बारीक भुकटी.

होतं असं की पोटभर हायड्रोजन घेतल्यावर या धातूचं आकारमान सुमारे पाव पटीने वाढतं. एकाच कणात फुगलेला भाग आणि कोरडा भाग शेजारी-शेजारी येतात. सांध्यावर त्यांच्या ओळी जुळणार कशा? काही ओळी तिथेच संपवाव्या लागतात. तरीही ताण मावला नाही की कण तडकतो. एका चौरस सेंटीमीटरच्या छेदात अशा तुटलेल्या ओळींची संख्या शंभर अब्जांच्या पुढे जाते. क्ष-किरणांच्या आलेखात हे उघड दिसतं. या स्फटिकाचे थर एकावर एक रचलेले असतात. त्या रचनेची उंची सांगणारी शिखरं सुईसारखी टोकदारच राहतात. थराच्या आतल्या, आडव्या अंतरांची शिखरं मात्र पसरट होतात. म्हणजे मोडतोड सरसकट नाही, तिला दिशा आहे. पहिल्यांदा हा आलेख पाहिला तेव्हा यंत्रच बिघडलंय असं वाटून मी नमुना तीनदा मोजला होता.

याला दोष म्हणायला माझी जीभ रेटत नाही ती यासाठी. ही मोडतोड झाल्यावरच दुसऱ्या खेपेला तो झटपट पितो, आणि कमी दाबाला पितो. तडकल्यामुळे नवा, स्वच्छ पृष्ठभाग उघडा पडलेला असतो. अखंड, देखणा तुकडा वायूसमोर नुसता बसून राहतो.

फुकट मात्र काही नाही. भरण्याच्या आणि सोडण्याच्या दाबांत जो फरक राहतो, त्यातला बराचसा ही मोडतोड करण्यात खर्च होतो. भुकटी तळाशी दाटून बसते आणि फुगायला जागा उरली नाही की नळीवर राग काढते. माझ्या त्या उभ्या नळीला काही आठवड्यांत बुडाशी फुगवटा आला. गाइड काही बोलले नाहीत. पुढची नळी त्यांनी स्वतः आडवी बसवली आणि अर्धीच भरली. शेकडो-हजारो खेपांनंतर लँथनम हायड्रोजनला धरून वेगळा होऊ लागतो, निकेल मागे उरतो, आणि साठवण घटत जाते. तिथे थोडं निकेल काढून कथिल घातलं की आयुष्य बरंच वाढतं. २००९ साली अवकाशात गेलेल्या प्लांक दुर्बिणीच्या शीतकात असाच कथिलवाला मिश्रधातू हायड्रोजन घेत-सोडत होता.

वापरलेली भुकटी निर्वातात तापवली की तुटलेल्या ओळी बऱ्याच नाहीशा होतात, शिखरं पुन्हा टोकदार दिसतात. मी ते करून पाहिलं. मग हायड्रोजन सोडला, नमुना परत क्ष-किरणांखाली ठेवला, आणि आडवी शिखरं होती तशी पसरली होती.